गोवा-वसईच्या चर्च-वह्यांतून पूर्वजांचा माग : आडनाव बाजूला ठेवा, वाडा धरा

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वहीत घराण्यातला कोणी यात्रेला गेला तरच नोंद होते. छापील कुलवृत्तांतात मुलींची नावं बहुधा गाळलेली असतात. कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या, वह्यांचं तसं नाही. जन्माला येऊन दोनच दिवस जगलेल्या मुलीचाही बाप्तिस्मा तिथे लिहिलेला असतो, आईबापांच्या नावांसकट, आणि एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच नोंदींत तर दोन्हीकडच्या आजी-आजोबांसकट. म्हणजे एका परिच्छेदात तीन पिढ्या. गोवा, वसई, साष्टी (मुंबईलगतची; गोव्यातली सासष्टी वेगळी) आणि मुंबई इथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांना हे साधन उपलब्ध आहे.

तरीही बरेच शोध पहिल्या महिन्यातच थांबतात. कारण सुरुवात आडनावापासून होते, आणि या वह्यांत सगळ्यात कमी भरवशाची गोष्ट कोणती असेल तर आडनाव. सोळाव्या-सतराव्या शतकात धर्मांतरितांना मिळालेली आडनावं बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याची किंवा धर्मपित्याची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी पालकत्व घेणाऱ्याची, असत. त्यामुळे एका गावातली निम्मी घरं फर्नांडिस आणि उरलेली डिसोझा असू शकतात, आणि त्यांचं एकमेकांशी रक्ताचं नातं असेलच असं नाही. उलट सख्ख्या भावाबहिणींची आडनावं वेगळी लिहिलेलीही सापडतात. म्हणून शोध धरायचा तो गाव, वाडा, आजी-आजोबांची नावं आणि धर्मपिता-धर्ममाता यांच्या आधारे. आडनाव जुळलं तर त्यात भर.

वही उघडण्याआधी

घरातून तीन गोष्टी पक्क्या करा : कोणती पॅरिश, कोणता वाडा, आणि कोणत्या सालाच्या आसपास. आजोबा-पणजोबांपैकी ज्यांच्याबद्दल कागद आहे अशा सगळ्यात जुन्या माणसापासून मागे जायचं. ऐकीव मूळपुरुषापासून पुढे यायचं नाही. हा नियम मोडला की हमखास दुसऱ्याच घराण्याची वंशावळ तयार होते.

कागद कुठे असतात? बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जुना पासपोर्ट, जहाजावर नोकरी केली असेल तर तिथली पुस्तिका, मयताची छापील स्मरणपत्रं, प्रार्थनापुस्तकाच्या आतल्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा. वडीलधाऱ्यांना ‘आपण मूळचे कुठले’ असं विचारू नका. उत्तर येतं ‘गोव्याचे’. त्याऐवजी विचारा : फेस्ताला (चर्चच्या सणाला) कुठल्या चर्चमध्ये जायचो? घराजवळचं कपेल (छोटं प्रार्थनाघर) कोणत्या संताचं? मयताला कुठे पुरायचे? आजोबा कुठल्या कॉन्फ्रारियाचे (चर्चमधल्या बंधुसंघाचे) सभासद होते? घराला गावात काय म्हणतात? वसई-साष्टीत तर आडनावापेक्षा घराचं टोपणनावच खरी ओळख असते, आणि गोव्यातही वाड्यावर तेच चालतं.

गाव कळलं म्हणून पॅरिश कळली असं होत नाही. लोकसंख्या वाढली तशा मोठ्या पॅरिशींतून छोट्या फुटून निघाल्या. बारदेशातल्या साळगावचं आजचं माय द देवश चर्च १८७३ सालचं. त्याआधीच्या साळगावकरांच्या नोंदी नागव्यासारख्या शेजारच्या पॅरिशींत पाहाव्या लागतात. तेव्हा पहिलं काम : तुमची पॅरिश केव्हा स्थापन झाली आणि त्याआधी तो वाडा कुणाकडे होता, याची नोंद करा. चर्चच्या शताब्दी-स्मरणिकेत ही माहिती जवळजवळ नेहमी मिळते.

किती मागे जाता येईल

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये लग्न आणि बाप्तिस्म्याच्या वह्या ठेवणं पाद्र्यांवर बंधनकारक केलं. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने पाच वह्या ठरवून दिल्या : बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, मृत्यू आणि ‘स्तातुस आनिमारुम’, म्हणजे घरवार माणसांची यादी. नियम तेव्हाचा असला तरी कागद तेव्हापासूनचा टिकलेला असतोच असं नाही. पावसाळ्याची ओल, वाळवी, कसर, आणि लोहयुक्त शाई, जी काही काळाने कागद खाऊन अक्षरांच्या जागी भोकं पाडते, या सगळ्यांतून वाचलेलं जे असेल ते आपलं.

प्रदेशाप्रमाणे चित्र बदलतं. गोव्यात तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींत (पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या मुलखात) ख्रिस्ती वस्ती सोळाव्या शतकापासूनची. सासष्टीतल्या पॅरिशी जेझुइट या संन्यासी संघाकडे होत्या, त्यांची हकालपट्टी १७५९ मध्ये झाली. बारदेश फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाकडे होता, तिथे १७६० च्या दशकात स्थानिक पाद्री आले. वहीतलं अक्षर आणि मजकुराची धाटणी इथे अचानक बदलते, तेव्हा दचकू नका. फोंडा, पेडणे, सत्तरी, काणकोण वगैरे नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आल्या. तिथलं ख्रिस्ती कुटुंब बहुतेक वेळा जुन्या काबिजादीतून सरकलेलं असतं, म्हणून लग्नाच्या नोंदीत ‘मूळचा अमुक ठिकाणचा’ हे शब्द डोळ्यांत तेल घालून पाहा.

वसईची भिंत म्हणजे १७३९. चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर युरोपीय पाद्री निघून गेले, बरीच चर्चं ओस पडली आणि उरलेली गोव्याकडच्या पाद्र्यांनी सांभाळली. त्याआधीचं सलग दप्तर मिळण्याची आशा धरू नका. पापडी, सांडोर, रेमेदी, नंदाखाल, निर्मळ, आगाशी अशा जुन्या पॅरिशींत त्यानंतरच्या वह्यांवरच भिस्त ठेवावी लागते. वसई धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश) १९९८ चा आहे. त्याआधी या पॅरिशी मुंबई महाधर्मप्रांतात होत्या, आणि १८८६ ते १९२८ मध्ये दमण धर्मप्रांतात, म्हणून पत्रव्यवहार आणि नकला या तिन्ही ठिकाणी विखुरलेल्या असू शकतात.

मुंबईत आणखी एक पेच आहे आणि तो कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. इथे पाद्रुआदो, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालची व्यवस्था, आणि प्रोपागांदा, म्हणजे थेट रोमच्या अखत्यारीतली व्यवस्था, अशा दोन यंत्रणा १७९४ पासून शेजारी शेजारी चालत होत्या. एकाच गल्लीतली दोन घरं दोन वेगळ्या पॅरिशींत जात. १९२८ च्या करारानंतर हे दुहेरी प्रकरण मिटलं. त्यामुळे गिरगाव, माझगाव, माहीम किंवा वांद्र्याच्या कुटुंबाची नोंद जवळच्या चर्चमध्ये नाही म्हणून हात टेकू नका. त्याच भागातलं दुसरं जुनं चर्च तपासा. गोव्याहून आलेले लोक बहुधा पाद्रुआदोच्या बाजूला सापडतात. पाद्रुआदोच्या वह्या पोर्तुगीजमध्ये, प्रोपागांदाच्या बऱ्याच वह्या लॅटिनमध्ये, हा ढोबळ फरकही कामाला येतो.

वह्या कुठे मिळतात

तीन दारं आहेत, आणि ती याच क्रमाने ठोठवावीत.

पहिलं, इंटरनेट. फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर गोव्यातल्या अनेक पॅरिशींच्या वह्यांच्या फिल्म आहेत. खातं उघडा, पण नावाने शोधू नका. सगळी पानं नामसूचीत आलेली नाहीत, म्हणून नाव टाकून काही न मिळणं याला अर्थ नाही. कॅटलॉगमध्ये जाऊन ठिकाणाने शोधा, गोवा आणि मग पॅरिशचं नाव, पोर्तुगीज स्पेलिंगने. यादीत कॅमेऱ्याचं चिन्ह असेल तर प्रतिमा घरून दिसते. कॅमेऱ्यावर किल्ली असेल तर फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊन पाहावी लागते. एका फिल्ममध्ये दोन-चार वह्या लागोपाठ असतात. आधी प्रत्येक वहीचं पहिलं आणि शेवटचं पान शोधून साल लिहून घ्या, मग मधल्या पानावर उडी मारा, तारीख पाहा, पुन्हा अर्ध्यावर जा. सहाशे पानांत हवं ते साल आठ-दहा उड्यांत सापडतं. एकेक पान उलटत बसलात तर दुपार जाते.

दुसरं, पणजीचं अभिलेखागार. १५९५ मध्ये स्थापन झालेल्या आणि दियोगो दो कौतो ज्याचा पहिला रक्षक होता, त्या दप्तराचाच हा वारस. काही पॅरिशींच्या जुन्या वह्या इथे आहेत. ओळखपत्र आणि अर्ज लागतो. वही एका दिवसात हातात पडेल असं गृहीत धरून परतीचं तिकीट काढू नका. फार जीर्ण पोथी वाचायला देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. गोव्याच्या महाधर्मप्रांताचं स्वतःचं दप्तर पणजीतल्याच आल्तिन्यावरच्या आर्चबिशप निवासात आहे. तिथे थेट जाऊ नका, आधी पत्र पाठवा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पॅरिशचं ऑफिस. या वह्या चर्चच्या खासगी मालकीच्या आहेत, त्या पाहणं हा आपला हक्क नाही, हे ध्यानात ठेवून बोलावं. नाताळ, उपवासकाळाचा शेवट आणि पवित्र आठवडा, चर्चचं फेस्त, आणि शाळाप्रवेशाचा काळ, जेव्हा बाप्तिस्म्याच्या दाखल्यांसाठी रांग लागते, हे दिवस टाळा. पावसाळ्यातली आठवड्याच्या मधली सकाळ उत्तम. फक्त दमट दिवशी पानं चिकटतात, म्हणून घाई करू नये.

आधी पत्र लिहा. त्यात एका वेळी एकच माणूस आणि एकच घटना असू द्या : नाव, आईबापाची नावं, वाडा, आणि पाच वर्षांहून मोठी नसलेली कालमर्यादा. ‘आमच्या घराण्याची सगळी माहिती द्यावी’ असं पत्र कुठल्याही फादरच्या टेबलावर तळाशी जातं. शोध स्वतः येऊन करायची तयारी आहे, एवढं लिहिलं की निम्मं काम होतं.

आता एक गोष्ट जी फार जणांना उशिरा कळते. छापील फॉर्मवरचा नेहमीचा बाप्तिस्म्याचा दाखला वंशावळीसाठी अपुरा असतो. त्यात नाव, तारीख, आईबाप आणि फार तर धर्मपिता-धर्ममाता येतात. आजी-आजोबा, वाडा, जात, समासातल्या टिपा वगळल्या जातात. म्हणून मूळ नोंदीची शब्दशः नक्कल मागा, किंवा परवानगी मिळाली तर पूर्ण पानाचा, समासासकट, फोटो घ्या. मात्र नागरिकत्व किंवा वारसाहक्कासाठी कागद लागणार असेल तर नुसता फोटो चालत नाही. सही-शिक्क्याची प्रत वेगळी घ्यावी लागते.

वही हाताळताना हात धुऊन कोरडे केलेले असावेत. सुती हातमोजे नकोत. त्यांनी पानाची जाणीव जाते आणि कडा फाटतात. बोटाला थुंकी लावून पान उलटणं तर विसराच. टिपणं पेन्सिलीने. फ्लॅश बंद. फिकट शाईसाठी टॉर्च वरून न मारता पानाच्या कडेने तिरपा धरा, कुठे टाक रुतला आहे ते उठून दिसतं. फोटो नंतर मोबाइलवर काळा-पांढरा करून पाहिला तर पुष्कळदा बुजलेला शब्द वाचता येतो.

नोंद कशी वाचायची

पोर्तुगीज येत नाही म्हणून अडत नाही. नोंदीचा साचा ठरलेला असतो आणि पंचवीस-तीस शब्दांत काम होतं. खालचे शब्द उच्चाराप्रमाणे नव्हे, तर कागदावरच्या अक्षरांप्रमाणे लिहिले आहेत, म्हणजे पानावर ओळखता येतील.

बाप्तिस्म्याची ठरावीक सुरुवात अशी : ‘आओस ओंझे दियास दो मेझ दे मार्सो दे मिल ओइतोसेंतोस सिंकोएंता ए दोइस’. म्हणजे मार्च महिन्याच्या अकराव्या दिवशी, १८५२ साली. पुढे ‘नेस्ता इग्रेजा पारोकियाल’, या पॅरिश चर्चमध्ये. ‘बाप्तिझेई’, मी बाप्तिस्मा दिला. मग बाळाचं नाव, आडनावाशिवाय. ‘नास्सिदो आओस’ आलं तर पुढे जन्मतारीख. ‘फिल्यो लेजितिमो दे’ म्हणजे अमुकचा औरस मुलगा; मुलगी असेल तर ‘फिल्या लेजितिमा’. ‘नेतो पातेर्नो दे’ पुढे वडिलांचे आईबाप, ‘मातेर्नो दे’ पुढे आईचे. ‘नातुराएस’ म्हणजे मूळ राहणारे, ‘मोरादोरेस’ म्हणजे सध्या राहणारे. या दोन शब्दांतल्या फरकातच स्थलांतर लपलेलं असतं. ‘फ्रेगेझिया’ म्हणजे पॅरिश, ‘आल्देया’ म्हणजे गाव, ‘बाइर्रो’ म्हणजे वाडा. शेवटी ‘फोराओ पाद्रिन्योस’, धर्मपिता-धर्ममाता, आणि पाद्र्याची सही.

‘पाय इंकोग्नितो’ म्हणजे वडील अज्ञात. ‘एक्सपोस्तो’ म्हणजे टाकून दिलेलं मूल. ‘एम काझा पोर नेसेस्सिदादे’ म्हणजे जीव धोक्यात म्हणून घरीच, बहुधा सुइणीने, बाप्तिस्मा दिला. अशा बाळाची मृत्यूनोंद पुढच्या काही दिवसांत शोधा. जातीचा उल्लेखही येतो : ब्रामने, चार्दो, सुद्रो, कुरुंबिम. आजच्या वाचकाला ते बोचतं, पण एकाच नावाची दोन जोडपी वेगळी करायला कधीकधी तेवढाच धागा असतो.

तारखेत चार सापळे आहेत. पहिला सर्वांत घातक : ‘७ब्रो’ असं लिहिलेलं असतं ते जुलै नव्हे, सप्टेंबर. सेतेंब्रो या नावातला ‘सेते’ म्हणजे सात. त्याच हिशेबाने ‘८ब्रो’ ऑक्टोबर, ‘९ब्रो’ नोव्हेंबर, आणि ‘१०ब्रो’ किंवा रोमन दहाचा फुलीसारखा आकडा असलेला ‘ब्रो’ म्हणजे डिसेंबर. दुसरा, ‘जुन्यो’ आणि ‘जुल्यो’ यांत एकाच अक्षराचा फरक. जून की जुलै हे आधीच्या आणि नंतरच्या नोंदीच्या तारखेवरून ठरवा. तिसरा, ‘सेइसेंतोस’ सहाशे आणि ‘सेतेसेंतोस’ सातशे. चौथा, ‘सेस्सेंता’ साठ आणि ‘सेतेंता’ सत्तर. शेवटच्या दोन चुका एका झटक्यात शंभर किंवा दहा वर्षं खाऊन टाकतात. शंका आली की दहा पानं मागे-पुढे जाऊन क्रम पाहा.

नावं आखडून लिहिलेली असतात, शेवटचं अक्षर ओळीच्या वर चढवून. ‘मेल’ म्हणजे मानोएल, ‘आन्तो’ म्हणजे आन्तोनियो, ‘फ्रांको’ म्हणजे फ्रान्सिस्को, ‘दोस’ म्हणजे दोमिंगोस, ‘रोइझ’ म्हणजे रोद्रिगेस, ‘फ्र्झ’ म्हणजे फर्नांदेस, ‘ग्ल्झ’ म्हणजे गोन्साल्वेस, ‘पेरा’ म्हणजे पेरेइरा. वर चढवलेल्या छोट्या अक्षराकडे दुर्लक्ष केलं तर ‘दोस’ हे ‘च्या’ या अर्थाचं अव्यय वाटतं आणि दोमिंगोस नावाचा माणूस गायब होतो.

अक्षर लागत नसेल तर त्याच पाद्र्याची अशी नोंद घ्या जिच्यातला मजकूर तुम्हाला आधीच माहीत आहे. तिच्यावरून त्याच्या हातचं प्रत्येक अक्षर एका कागदावर उतरवा. अर्ध्या तासाची ही मेहनत पुढचे अनेक तास वाचवते. पाद्री बदलला की तक्ता नवा.

आणि सूची? वहीच्या शेवटी असेल तर ती बहुधा पहिल्या नावाप्रमाणे लावलेली असते. ‘डी’खाली डिसोझा शोधाल तर तिथे दोमिंगोस, दियोगो भेटतील. मारिया नावाच्या बायकांची दोन-दोन पानं असतात. तिथे वडिलांच्या नावावर नजर ठेवा.

एकेक पायरी मागे

समजा १९०४ च्या सुमारास जन्मलेल्या आजोबांपासून सुरुवात आहे. त्यांचा बाप्तिस्मा मिळाला की त्यातून आईबाप आणि चार आजी-आजोबा कळले. पुढचं पाऊल थेट पणजोबांच्या बाप्तिस्म्याकडे टाकू नका. मध्ये लग्नाची नोंद गाठा.

आधी त्या जोडप्याची सगळी मुलं काढा. पहिलं मूल ज्या साली, तिथून पाच वर्षं मागेपर्यंत लग्न शोधा. बहुतेक वेळा ते वधूच्या पॅरिशमध्ये लागतं, वराच्या नाही. वराच्या पॅरिशमध्ये नोंद नाही म्हणून ‘पुस्तक हरवलंय’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ. लग्नाच्या नोंदीत दोघांचे आईबाप, मूळ गाव, विधुर-विधवा असल्याचा उल्लेख आणि साक्षीदार असतात. त्यावरून दोघांच्या बाप्तिस्म्याची पॅरिश ठरते. कालमर्यादा ठरवताना एक लक्षात ठेवा : १९१७ च्या चर्च-कायद्यापूर्वी लग्नाचं किमान वय मुलीला १२ आणि मुलाला १४ होतं. म्हणून वधूचा जन्म लग्नाच्या वीस वर्षं आधी शोधून थांबू नका, बारा वर्षं आधीपर्यंत या.

लग्नाच्या नोंदीत ‘दिस्पेन्सादोस’ हा शब्द दिसला तर आनंद माना. नात्यातल्या लग्नाला सूट मिळालेली आहे, आणि किती अंतराचं नातं तेही लिहिलेलं असतं. जुन्या मोजणीत दुसरी पायरी म्हणजे आजोबा-आजी एक, तिसरी म्हणजे पणजोबा-पणजी एक, चौथी म्हणजे त्याच्याही वरची जोडी एक. म्हणजे वधू आणि वर या दोन्हींकडून वर गेलात तर एका ठराविक पिढीला दोन्ही फांद्या भेटल्याच पाहिजेत. भेटल्या नाहीत तर कुठेतरी चुकलं आहे. तुमच्या झाडाची याहून चांगली तपासणी दुसरी नाही. फक्त १९८३ च्या कायद्यानंतर मोजायची पद्धत बदलली आणि सख्खी चुलत-आत्ते भावंडं ‘चौथ्या’ पायरीवर गेली, तेव्हा अलीकडचा कागद जुन्या हिशेबाने वाचू नका.

समासाकडेही पाहा. १९०८ पासून अमलात आलेल्या ‘ने तेमेरे’ आदेशाने, लग्न झालं की बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीशेजारी त्याची टीप लिहिणं आवश्यक झालं. त्यामुळे १८९० मध्ये सासष्टीत बाप्तिस्मा झालेल्या मुलीच्या नोंदीच्या कडेला मुंबई, कराची किंवा नैरोबीतल्या लग्नाची तारीख सापडू शकते. हरवलेली आत्या-मावशी शोधायचा हा सर्वांत जवळचा रस्ता.

आता एकाच नावाची माणसं. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायची रीत सर्रास होती. चार भावांना प्रत्येकी एक थोरला मुलगा झाला की एकाच वाड्यात, दहा वर्षांत, एकाच नावाचे चार चुलत भाऊ. शिवाय मूल वारलं तर तेच नाव पुढच्याला देत. एका जोडप्याला १८४६ आणि १८४९ मध्ये दोन कायतान दिसले तर पहिला बहुधा गेलेला आहे; मृत्यूची वही पाहून खात्री करा, नाहीतर तुमचा पणजोबा लहानपणीच वारलेलं बाळ ठरेल. दोन नोंदींतला माणूस एकच आहे असं म्हणण्याआधी नावाखेरीज किमान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत : आईचं नाव, वाडा, आजोबा, धर्मपिता यांपैकी. धर्मपिता सहसा काका-मामाच असतो, म्हणून त्याचीही नोंद ठेवा. आईच्या माहेरचा पत्ता त्यातूनच निघतो.

मृत्यूच्या वहीतलं वय ‘पोउको माइस ओउ मेनोस’, म्हणजे कमीजास्त, असंच घ्यावं. साठ लिहिलं असेल तर बावन्न ते सत्तर धरा. मुंबईच्या वह्यांत १८९६ नंतरच्या प्लेगची आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाची पानं दाट भरलेली दिसतात. अख्खं कुटुंब एका आठवड्यात संपलेलं असू शकतं, आणि मागे राहिलेली मुलं मग मामाच्या पॅरिशमध्ये वाढलेली सापडतात. कबरीच्या दगडावर विसंबू नका, कबरस्तानात जागा पुन्हा पुन्हा वापरली जाते.

वही नसेल तेव्हा

१९१४ पासून गोव्यात सर्व धर्मीयांची नागरी नोंदणी सुरू झाली. त्या वह्यांसाठी तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे जावं. त्याआधीच्या काळात चर्चची वही हरवली असेल तर आजूबाजूचे कागद धरावे लागतात. ‘रोल दोस कोन्फेस्सादोस’ ही उपवासकाळात कुमसारासाठी, म्हणजे पापकबुलीसाठी, केलेली घरवार यादी मिळाली तर नशीबच, कारण एका छताखाली कोण कोण होतं ते तीत दिसतं. कॉन्फ्रारियाच्या वह्यांत सभासद झाल्याचं साल आणि वडिलांचं नाव असतं. पोर्तुगीज कायद्याखालची वाटणीची प्रकरणं, ‘इन्व्हेंतारियो’, ही तर खाणच : मयताचे सगळे वारस, मुलींसकट, आणि परदेशी गेलेलेसुद्धा, नाव-पत्त्यासह लिहावे लागत.

गावकर घराणं असेल तर कोमुनिदादचं, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचं, दप्तर पाहा. जोण, म्हणजे तिच्या उत्पन्नातला वाटा, मिळवण्यासाठी प्रत्येक गावकराला आपण अमुक वांगडातले (मूळ कुळांच्या गटातले), अमुकचे पुत्र, हे दाखवून नाव नोंदवावं लागतं. तिथे फक्त पुरुषांची रेषा मिळते, पण चर्चच्या वहीत पडलेलं भगदाड ती बुजवते.

धर्मांतराच्या पलीकडे जायची ओढ सगळ्यांनाच असते. प्रौढ माणसाच्या बाप्तिस्म्यात क्वचित जुनं हिंदू नावही लिहिलेलं असतं. बहुतेकांना मात्र नावानिशी दुवा मिळत नाही. वांगड आणि गाव इथपर्यंतच पोचता येतं. धर्मांतराच्या काळात देव हलवले गेले : वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली, कुठ्ठाळीचा मंगेश मंगेशीला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. त्या गावांतली जी घरं देवाबरोबर गेली नाहीत, त्यांच्याच वंशजांची नावं आज चर्चच्या वह्यांत आहेत. देवस्थानच्या महाजनांच्या (मानकरी घराण्यांच्या) यादीत तुमच्या गावाचं नाव असणं हा सुगावा आहे, पुरावा नाही. वंशावळीत तो तुटक रेषेनेच दाखवावा.

टिपण ठेवायची रीत

प्रत्येक नोंदीखाली पॅरिश, वहीचा प्रकार आणि क्रमांक, पानाचा क्रमांक, पानाची पुढची बाजू की मागची, आणि तारीख लिहा. जुन्या वह्यांत पाठपोट पानाला एकच आकडा असतो, म्हणून बाजू लिहिली नाही तर पुढच्याला नोंद सापडत नाही. मूळ मजकूर आखडलेल्या शब्दांसकट तसाच उतरवा. अर्थ वेगळ्या रकान्यात. आडनावाचं स्पेलिंग सुधारू नका.

माणसांना आकडे द्या : स्वतःला १, वडिलांना २, आईला ३. कुणाच्याही आकड्याची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, दुपटीत एक मिळवला की आई. पाच पिढ्यांनंतर तीन आन्तोनियो आणि चार मारिया एकत्र आल्या की या आकड्यांचीच सोबत उरते.

आणि न सापडलेल्याचीही वही ठेवा : अमुक पॅरिश, बाप्तिस्मा, १८३१ ते १८३८, सगळी पानं पाहिली, १८३४ ची चार पानं गायब, नोंद नाही. दोन वर्षांनी तुम्ही किंवा तुमचा पुतण्या तीच फिल्म पुन्हा पहिल्यापासून उघडणार असतो.